गावात कोणाचंच नसलेलं नाव

तुमच्याकडे नातवाचं नाव ठेवायचं म्हणून सून मोबाइल हातात घेऊन गावभर दारं वाजवत फिरते का हो? नाही ना? आमची फिरली! ओली बाळंतीण, बाळ छातीशी बांधलेलं, बाहेर उत्तरेचा वारा असा की गलबतं धक्क्यावर आपटतायत, आणि ही बाई दारोदार विचारतेय, "या नावाचं कोणी आहे का तुमच्यात?" मी काय बोलणार? मी आपली बाळाची शाल विणत होते, टाके मोजत होते.

तसं तिचंही चुकलं नाही म्हणा. आमच्या या स्कॉटलंडच्या बंदरात सगळेच कावी. आडनाव एक, आणि नावं तीन! जेम्स, जॉर्ज, विल्यम, संपलं. थोरल्याला आजोबांचं नाव, धाकट्याला दुसऱ्या आजोबांचं, की पुन्हा जेम्स, पुन्हा जॉर्ज... म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. माझा मुलगा जेम्स, त्याला लोणी म्हणतात. माझ्या नवऱ्याला घुम्या म्हणतात, का ते तुम्ही त्याच्याजवळ थोडा वेळ बसा, कळेल. आणि मी घुम्याची इझोबेल. पोस्टमनसुद्धा पाकिटावर टोपणनाव नसलं तर दारात उभा राहून ओरडतो, "अहो, हा कुठला जेम्स?"

आमची सून कर्स्टी, मोठ्या ग्लासगो शहरातली. ती म्हणाली, "आई, या गल्लीत 'जेम्स' अशी हाक मारली तर चार दारं उघडतात आणि वर एक कुत्रा धावत येतो! माझ्या मुलाचं नाव वेगळं हवं. जुनं हवं, अस्सल आपल्या स्कॉटलंडचं हवं, पण या गावात कोणाचंच नको."

झालं! रोज संध्याकाळी चहाबरोबर नावं. "फर्कर कसं वाटतं?" लोणी म्हणाला, "खोकला आल्यासारखं वाटतं." "टॉर्किल?" "पोटदुखीवर घ्यायचं का?" "बरं, केंटिगर्न?" तर हा हसत हसत म्हणाला, "अगं, बोटीवर एवढं लांबलचक नाव पुकारेपर्यंत माणूस पाण्यात गेलेला असायचा!"

आणि त्याने जीभच चावली. कारण शेकोटीच्या वरच्या फळीवर फोटो आहे ना... आमच्या थोरल्याचा. टोपलीचा. टोपली आमचा एकोणिसाव्या वर्षी गेला. जूनमध्ये, समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा शांत असताना गेला, बोटीसकट. हा लोणी तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला भावाचे फक्त बूट आठवतात. कर्स्टीने विषय बदलायला घाईघाईने मोबाइल चाळला आणि ती म्हणाली, "हे बघा, हे किती गोड आहे! सॉर्ली. अर्थ दिलाय, उन्हाळ्यात समुद्रप्रवासाला निघणारा."

मी टाके मोजत होते. चुकले. सगळी ओळ उसवावी लागली.

तुम्हाला सांगते, घुम्याचा कप ओठांपाशी थांबला तो थांबलाच. कारण त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, सॉर्ली कोण ते.

माझे आजोबा पश्चिमेच्या बेटांवरचे, त्यांचं नाव सॉर्ली. पहिला मुलगा झाला तेव्हा त्याला हेच नाव ठेवायचं म्हणून मीही अशीच हट्टाला पेटले होते हो! सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं नाव? कावींच्या घरात असलं काही चालायचं नाही!" तेव्हा घुम्या आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर बोलला. म्हणाला, "ठेवू दे तिला." रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी नाव उच्चारलं, आणि सोमवारी मी मासे साफ करायला धक्क्यावर गेले, बाळाला हेरिंगच्या टोपलीत निजवलं. कोणीतरी डोकावून म्हणालं, "आज टोपलीत काय घावलंय गं?" संपलं! शाळेत टोपली, बोटीवर टोपली, प्रेमपत्रातसुद्धा टोपली. मीसुद्धा हो, "टोपली, जेवायला चल!" आणि गेल्यावर तर आमच्यात बुडालेल्याचं खरं नाव घरात घेतच नाहीत. समुद्र त्या नावाला चटावतो म्हणतात, पुन्हा मागायला येतो. चर्चमधल्या त्याच्या आठवणीच्या दगडावर 'एस. कावी, टोपली' एवढंच आहे. लोणी समजतो, एस म्हणजे सॅम्युएल. कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? सांगावं, तर लोणी स्वतः बोटीवर जातो, त्याचे सोबती त्या नावाच्या सावलीलाही उभे राहायचे नाहीत, नाव तिथल्या तिथे रद्द. न सांगावं, तर उद्यापासून या घरात ती हाक! मला भीती वाटत होती. आणि... कशी सांगू... मला ती हाक हवी होती. एकदा तरी मोठ्याने. दार उघडून.

आणि कर्स्टी निघाली गावभर विचारायला! मी खिडकीशी बसून टाके मोजत होते आणि मनात म्हणत होते, कोणीतरी ओळखेल. शेजारची बेला ओळखेल, टोपलीला तिने अंगणात रांगताना पाहिलंय. शाळेत त्याच्याबरोबर एका बाकावर बसणारा मुंगळा ओळखेल. कर्स्टी परत आली ती गाल लालबुंद, नाचतच! "आई, कोणाचंच नाही! बेलाकाकू म्हणाल्या, असलं नाव जन्मात ऐकलं नाही! मुंगळा म्हणाला, हे माणसाचं नाव आहे की चीजचं?"

जन्मात ऐकलं नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षं या गल्लीत वावरला हो...

मग ती माझ्याजवळ बसली, माझा हात धरला. "आई, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला नाही का आवडलं?" मी दुसऱ्या हाताने लोकरीचा गुंडा चाचपत राहिले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. घुम्याचा. तीस-चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा.

"ठेवू दे तिला."

लोणी म्हणाला, "बघ, बाबांनासुद्धा वाचा फुटली, म्हणजे नाव चांगलंच असणार!"

रविवारी बाळाला घेऊन चर्चला निघालो. आमच्यात मुलगा असेल तर वाटेत जी पहिली बाई भेटेल तिच्या हातावर केकचा तुकडा ठेवायचा, बाळाला भाग्याचं असतं. तर बेला पहाटेपासून कोपऱ्यावर टपून उभी, टोपी उडतेय तरी हलायला तयार नाही! तुकडा घेऊन विचारते, "नाव काय ठरलं मग?" कर्स्टीने दारोदार विचारलं ते विचारलं, पण ठरलेलं नाव बारशाआधी सांगायचं नसतं हे तिला माहीत नाही होय? मी म्हटलं, "कळेल."

बाळ माझ्याच हातात होतं. पाद्रीसाहेबांनी कपाळाला पाणी लावलं आणि म्हणाले, "सॉर्ली." एवढ्या मोठ्या चर्चमध्ये, त्या दगडाच्या समोर, मोठ्याने. मी बाळाला आणखी घट्ट धरलं. बाळ पाणी पडल्यावर रडायला हवं, तेच शुभ, सगळे वाट बघत होते... आणि हा रडला नाही, शिंकला! असा शिंकला की पाद्रीसाहेबांचा चष्मा भिजला! सगळं चर्च खो खो हसलं. मागून मुंगळा ओरडला, "वा रे शिंक्या!"

मी घुम्याकडे बघितलं. घुम्याने माझ्याकडे बघितलं.

घरी येताना तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "बरं झालं. आता खरं नाव समुद्राला कळायचं नाही." खरंच आहे ते. मला बरंच वाटायला हवं होतं, नाही का? शाल तर त्याच संध्याकाळी पुरी झाली, टाके मोजायचंही काही उरलं नाही. मी ठरवलं, उद्या उठल्या उठल्या, सगळे उठण्याआधी, जिन्याखाली उभं राहून खऱ्या नावाने मोठ्याने हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले, तेवढ्यात वरून कर्स्टीनेच हाक मारली, "आई, शिंक्या उठला हो, दूध गरम करा!" आणि मी दूध गरम केलं.