शेळ्यांनी खाल्लेली चिंच

सरुबाई : आधी ती कात्री खाली ठिव. मंग बोल.

उत्कर्षा : ठेवली. ही बघा, बांधावर ठेवली. आता ऐकाल?

सरुबाई : ऐकतीया की. तूच बोलंना झालीयास. नुसती झाडाभवती फिरतीयास, बाजारात म्हशीभवती गिऱ्हाईक फिरतं तशी.

उत्कर्षा : आजी, हे खोड बघा. माझ्या मांडीएवढं जाड आणि उंचीला गुडघ्याएवढं. कुंडीत असं खोड करायचं तर माझं आयुष्य जाईल.

सरुबाई : शेळ्यांचं गेलं. पाला फुटला की खाल्ला, फुटला की खाल्ला. ही चिंच हाय म्हणून सांगितलं तर लोक हसायची.

उत्कर्षा : तेच तर. शेळ्यांनी जे केलं ते आम्ही दर रविवारी डेक्कनला बोन्सायच्या क्लासला जाऊन शिकतो. कधी छाटायचं, किती छाटायचं.

सरुबाई : मंग तुमच्या सरांच्या जागी एक शेळी बांधा. दूध तरी मिळंल.

मच्छिंद्र : आये, जेसीबीवाला इच्यारतोय, विहिरीपसनं लावू का बांधापसनं?

सरुबाई : इच्यारू दे.

मच्छिंद्र : त्याला दुपारी केसनंदला दुसरं काम हाय. आन् तू भाडेकरणीला घेऊन हितं झाड दाखवत बसलीयास.

उत्कर्षा : मच्छिंद्रदादा, अर्धा तास द्या. नुसतं खणून काढायचंय. कसबा पेठेत मी वाड्यांच्या भिंतींतून पिंपळ काढलेत. लोकांना वाटायचं मी महापालिकेची आहे. एकाने तर गटाराची तक्रार सांगितली.

मच्छिंद्र : मंग काढा की. कोण नको म्हणतंय?

उत्कर्षा : आजी.

मच्छिंद्र : आये?

सरुबाई : झाड ने म्हणलं म्या. शेंड्याला हात लावू नगं म्हणलं. शेळ्या मुक्ताबाईला इकल्या तवापसनं दोन पावसाळ्यांत ह्यो एक शेंडा वर निघालाय. बघ, माझ्या कानाला लागतोय. जल्मात पहिल्यांदा झाडानं मान वर काढली, आन् ही म्हणती, छाटू.

उत्कर्षा : हौस म्हणून नाही हो छाटत. खणताना मुळं तुटणार. निम्मी मुळं इथेच राहतील. उरलेल्या मुळांना एवढ्या पाल्याला पाणी पुरवता येत नाही. पाला ठेवला तर झाड जाईल.

सरुबाई : आन् छाटल्यावर? कुंडीत किती वाढू देशील?

उत्कर्षा : ते नंतर बघू.

सरुबाई : आता सांग.

उत्कर्षा : एवढंच. गुडघ्याएवढंच.

सरुबाई : मंग शेळ्यांनी काय वाईट केलं व्हतं? मच्छिंद्रा, हे हितंच ऱ्हाऊ दे. तुझी बिल्डिंग जरा पलीकडं घे.

मच्छिंद्र : हितं लिफ्टचा खड्डा येतोय, आये.

सरुबाई : मंग लिफ्ट सरकव दोन हात.

मच्छिंद्र : लिफ्ट म्हंजे काय खाट हाय का गं, सरकवायला? नकाशा पास झालाय.

सरुबाई : मंग पोरी, तू ह्याला जमिनीत लाव. कुंडी नगं.

उत्कर्षा : कुठे लावू? माझ्याकडे एक गॅलरी आहे. तीही तुमचीच.

सरुबाई : माझ्याकडं तरी जमीन कुठं ऱ्हायली? म्या बी तिसऱ्या मजल्यावरच ऱ्हाती.

मच्छिंद्र : आये, ड्रायव्हर हॉर्न मारतोय.

सरुबाई : त्याला म्हणावं, च्या पी. आन् मुक्ताबाईकडं जा. म्हणावं, सरुबाईची पांढरी शेळी घडीभर सोड.

मच्छिंद्र : शेळी? आत्ता?

सरुबाई : पाला नगं ना हिला? मंग लोखंड कशापायी? इतकी वर्सं जिनं खाल्ला तीच खाईल. जा.

मच्छिंद्र : बाहेर कुणाला सांगू नका हे मॅडम. फ्लॅटचं बुकिंग चालू हाय.

उत्कर्षा : मी काय सांगणार? उद्या ऑफिसमध्ये विचारतील वीकेंडला काय केलं, तर पिक्चर बघितला म्हणेन.

सरुबाई : ती बघ, आली. बघ कशी येतीया. मला वळखलं तिनं.

उत्कर्षा : तिने चिंच ओळखली, आजी.

सरुबाई : एकच हाय ते.

उत्कर्षा : वरपर्यंत तोंड पोचत नाहीये तिचं.

सरुबाई : शेंडा वाकव. दोन्ही हातांनी धर. मोडू नगं.

उत्कर्षा : धरलाय... अगं, ओढू नकोस! आजी, माझी ओढणीपण खातेय!

सरुबाई : हिरवी घालून कशाला आलीस?

मच्छिंद्र : आये, ड्रायव्हर मोबाईलमध्ये फोटो काढतोय.

सरुबाई : काढू दे. त्याच्या घरी न्हाय बघितली कुणी शेळी.

उत्कर्षा : झालं. एक पान राहिलं नाही.

सरुबाई : तुमच्या सरांना जमतं का असं?

उत्कर्षा : सर देठ ठेवतात. हिने तेही ठेवले नाहीत.

सरुबाई : पर शेंडा ऱ्हायलाय. नुसती काडी का असंना. तिला कात्री लावायची न्हाय.

उत्कर्षा : नाही लावणार.

सरुबाई : माझ्या डोक्यावर हात ठिवून सांग.

उत्कर्षा : हात मातीचे आहेत.

सरुबाई : मंग बरंच हाय. ठिव.

(काही आठवड्यांनंतर, फोनवर. सरुबाई घरी, उत्कर्षा कंपनीत, मीटिंगमध्ये.)

सरुबाई : हॅलो. उत्कर्षा हाय का?

उत्कर्षा : हं.

सरुबाई : म्या सरुबाई बोलतीया. तिसऱ्या मजल्यावरनं.

उत्कर्षा : हं.

सरुबाई : तुझ्या गॅलरीत गेल्ते. चावी व्हती माझ्याकडं. रागावू नगंस.

उत्कर्षा : अंहं.

सरुबाई : पाणी न्हाय घातलं. तू म्हणली व्हतीस, मातीत बोट घालून बघायचं. घातलं. ओल हाय.

उत्कर्षा : हं.

सरुबाई : मंग शेंड्याला नख लावून बघितलं.

उत्कर्षा : हं?

सरुबाई : हिरवं न्हाय निघालं. मातकट निघालं. मंग जरा खाली लावलं. तिथं बी तसंच. छाटू दिलं असतं तर वाचलं असतं का गं? म्याच आडवी पडले. तू सांगत व्हतीस, मुळं तुटणार, मुळं तुटणार.

उत्कर्षा : हं.

सरुबाई : नुसतं हं हं करतीयास. तोंडात काय हाय तुझ्या?

उत्कर्षा : सॉरी, टू मिनिट्स, घरून फोन आहे. हां, बोला आजी, बाहेर आले. रडताय?

सरुबाई : खोकला हाय.

उत्कर्षा : खोडाला लावलंत नख?

सरुबाई : न्हाय. धीर न्हाय झाला.

उत्कर्षा : नकाच लावू. आत जाऊन बसा. मी संध्याकाळच्या बसने येते.

सरुबाई : साहेब वरडंल.

उत्कर्षा : तो अमेरिकेत आहे. आत्ता झोपलाय.

*

(त्याच संध्याकाळी, उत्कर्षाच्या गॅलरीत.)

उत्कर्षा : वाका आजी. इथे, खोडाच्या खाचेत.

सरुबाई : काय न्हाय दिसत. चष्मा वर ऱ्हायला.

उत्कर्षा : बोट द्या तुमचं. हळू हं. लागलं काही?

सरुबाई : मोहरीएवढं काहीतरी हाय.

उत्कर्षा : कोंब. हा दुसरा. हा आणखी एक. सगळ्या खोडावर आहेत.

सरुबाई : जगलं?

उत्कर्षा : जगलं.

सरुबाई : थांब, बसू दे मला... आन् शेंडा?

उत्कर्षा : शेंडा गेला, आजी. छाटला असता काय किंवा नसता काय, जायचाच होता. झाडानेच सोडून दिला.

सरुबाई : मंग काप आता. वाळलेलं कशाला ठिवायचं? घे कात्री. म्या धरती.

उत्कर्षा : ठेवतात. वाळलेलं लाकूड कधीकधी मुद्दाम ठेवतात. साल सोलायची, गंधकाचं पाणी लावायचं. पांढरं शुभ्र होतं आणि टिकतं. खाली हिरवं वाढत राहतं.

सरुबाई : येवढी लांब काडी? शोभंल का ती?

उत्कर्षा : मुळीच नाही. प्रदर्शनात नेलं तर सर विचारतील, या अँटेनावर कोणता चॅनेल दिसतो?

सरुबाई : मंग?

उत्कर्षा : प्रदर्शनात नाही नेणार.

सरुबाई : म्हंजे दिसत ऱ्हाईल व्हय, कुठवर गेलं व्हतं ते?

उत्कर्षा : दिसत राहील.

मच्छिंद्र : हे का? कुठं न्यायचं, मॅडम?

उत्कर्षा : गच्चीवर. कोंब आलेत, आता सकाळचं ऊन लागेल त्याला. टब खालून धरा.

मच्छिंद्र : सरक आये. धरलं.

सरुबाई : मच्छिंद्रा, दारात जरा तिरकं कर त्याला.

मच्छिंद्र : मला न वाकता जाता येतं, ह्या झुडपाला काय हुतंय?

सरुबाई : जपून ने. उंच हाय ते.