पंचविसावी खुर्ची

एलित्सा : आधी दारावरचे ते कागद काढा. मग मी डोळे उघडेन.

स्विलेना : अगं, पडशील. मागे जिना आहे.

एलित्सा : जिना सात पावलांवर आहे. मोजून आलेय.

त्सोन्का मावशी : घ्या! सातवीतली घोडी झाली, तरी आंधळी कोशिंबीर चाललीय. काढ गं स्विलेना ते कागद, ही काही ऐकायची नाही. आणि निघताना वर्गाची किल्ली माझ्या हातात दे. सोमवारपासून इथे अकॉर्डियनवाले बसणार.

स्विलेना : काढले. उघड डोळे. पण माझं चुकलं काय, ते तरी सांग. बाबांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. दारावर त्यांच्या फोटोचा कागद लावला आणि शेजारी त्यांच्या वहीतली तुमची पानं. अकरा मुलं, अकरा गणितं, खाली उत्तरं. तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं.

एलित्सा : तुम्ही पेन्कोव्ह सरांचीच मुलगी ना?

स्विलेना : हो.

एलित्सा : मग तुम्हाला कसं माहीत नाही? सर उत्तर सांगत नाहीत.

त्सोन्का मावशी : नव्हते सांगत.

एलित्सा : तेच. सप्टेंबरात प्रत्येकाला एक गणित देतात. ते फक्त त्याचं. सुटलं की सरांच्या कानात सांगायचं. ते म्हणतात, का? आपण सांगायचं. ते परत म्हणतात, का? परत सांगायचं. त्यानंतर ते गप्प बसले, की गणित आपलं झालं. माझं ऑक्टोबरात एकदा पहिल्या 'का'ला अडलं. तेव्हापासून चाललंय.

स्विलेना : म्हणजे मी लावलेलं बाकीच्या कोणी वाचलं असेल तर...

एलित्सा : ल्युबेननं वाचलं. खाली संडासात जाऊन बसलाय, कडी लावून.

त्सोन्का मावशी : का रे देवा? सुटला की बिचारा! सप्टेंबरपासून डोकं धरून बसायचा.

एलित्सा : सुटला कुठे? आता त्याच्याकडे गणितच नाही.

स्विलेना : मला नव्हतं माहीत. खरंच नव्हतं. ये, बस. थंडीनं हात बघ कसे झालेत.

त्सोन्का मावशी : हे घे, चाळिसाव्याचा उकडलेला गहू खा आधी. अक्रोड घातलेत, साखर मीच पेरलीय वर. देव त्यांना क्षमा करो म्हण आणि खा.

एलित्सा : देव त्यांना क्षमा करो. मावशी, अकॉर्डियन दुसऱ्या वर्गात नाही वाजत?

त्सोन्का मावशी : मला काय विचारतेस? मोठ्या बाई म्हणाल्या, दर शनिवारी गणिताला बसून किल्लीच्या वहीत सही करणारं एक मोठं माणूस आणा, वर्ग तुमचा. माणूस कुठाय? मी करीन म्हटलं, तर म्हणे शिपायाची सही चालत नाही. बत्तीस वर्षं ही शाळा मी उघडते, पण सही चालत नाही.

एलित्सा : खेळाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मला उत्तरं येत नाहीत, मी काय शिकवू? ल्युबेनच्या आईला विचारलं. ती म्हणाली, त्यापेक्षा शिकवणी लावते, तिथे निदान उत्तर मिळतं. माझे बाबा ट्रक घेऊन जर्मनीत.

स्विलेना : आणि तुझी आई?

एलित्सा : ती म्हणते, ज्यानं सुरू केलं तो गेला. आता पुरे.

स्विलेना : थकली असेल.

एलित्सा : सगळेच थकलेत. मी पण थकलेय. पण थकून गणित थोडंच सुटतं.

त्सोन्का मावशी : ऐकलंस? हुबेहूब म्हातारा बोलतोय. स्विलेना, तूही दोन चमचे खा. सकाळपासून नुसती कपाटं उपसतेयस.

स्विलेना : नको. तीनच्या बसनं सोफियाला निघायचंय. सोमवारपासून कामावर. हा हिवाळा सगळा रजेत गेला.

एलित्सा : तुम्ही काय काम करता?

स्विलेना : भाषांतर. औषधांच्या डब्यांतली ती पातळ चिठ्ठी असते ना, ती.

एलित्सा : ती कोणी वाचत नाही.

स्विलेना : मी वाचते.

एलित्सा : ही सरांची वही ना? हिरवी? काळजी करू नका, आमची पानं उलटी धरलीत मी. पण दारावर पानं अकरा होती. फाटलेल्या कडा बारा आहेत.

स्विलेना : दे ती इकडे.

एलित्सा : एक पान तुम्ही लावलं नाही.

त्सोन्का मावशी : अगं, पोलिसात जा तू!

स्विलेना : त्या पानावर उत्तर नाहीये. म्हणून नाही लावलं.

एलित्सा : कोणाचं आहे?

स्विलेना : माझं. जुनं, पण बाबांनी या वहीतही उतरवून ठेवलंय. मीही इथे बसायचे. खिडकीशी, दुसऱ्या ओळीत. तुझ्याएवढी होते.

एलित्सा : आणि?

स्विलेना : आणि सोडलं. ऐकायचंय तुला? पंचवीस खुर्च्या. पाच ओळी, ओळीत पाच. सगळ्या भरलेल्या. आता सगळ्यांनी एकदम उठायचं आणि शेजारच्या खुर्चीत बसायचं. पुढच्या, मागच्या, डाव्या नाहीतर उजव्या. तिरकं चालायचं नाही. कोणी उभं राहायचं नाही. जमेल का?

त्सोन्का मावशी : मला विचाराल तर मुळात बसलेल्यांना उठवायचं कशाला?

स्विलेना : अख्खा हिवाळा मी स्वयंपाकघराच्या टेबलावर घेवड्याचे दाणे मांडत होते. चोवीस बसायचे. एक उरायचा. बाबा समोर बसून सूप प्यायचे आणि बघायचे. मी म्हटलं, सांगा ना. ते म्हणाले, घरात मी बाप, पण हे गणित तुझं. मग एके दिवशी मी दाणे उचलले आणि आईच्या पातेल्यात टाकले. इथे परत आले नाही.

एलित्सा : सर रागावले?

स्विलेना : नाही. तेच तर. काहीच म्हणाले नाहीत. तीस वर्षं. या जानेवारीत मी त्यांचे पाय पुसत होते, तेव्हा एकदम विचारलं, त्या पंचविसाव्याचं काय झालं? मला वाटलं, तापात बोलताहेत. म्हटलं, बाबा, आत्ता नको, पाणी गार होतंय.

त्सोन्का मावशी : जाऊ दे गं.

स्विलेना : पाणी खरंच गार होत होतं, मावशी.

एलित्सा : मला... मला दिसतंय ते. आत्ताच दिसलं. तुमचं उत्तर.

स्विलेना : इतक्यात?

एलित्सा : हो. पण मी सांगणार नाही.

स्विलेना : सांगूही नकोस.

एलित्सा : आम्हाला उत्तर येणारं माणूस नकोच आहे. वही मिटून ठेवा, आम्हाला दाखवू नका, तुम्हीही बघू नका. नुसतं बसायचं आणि का विचारायचं. पटलं तर गप्प, नाही पटलं तर परत का. बस्स. खेळाच्या सरांना ते समजतच नाही.

स्विलेना : बाळा, मी सोफियात राहते. येताना तीन तास, जाताना तीन तास.

एलित्सा : माहितेय. मी विचारलं नव्हतं.

स्विलेना : नाही. विचारलं नव्हतंस.

त्सोन्का मावशी : मला मेलीला गुडघे घेऊन अजून खाली जायचंय, त्या ल्युबेनला बाहेर काढायचंय. त्याला काय सांगू?

स्विलेना : सांग, नवं गणित मिळेल. शोधते मी. बाबांच्या कपाटात अजून चार वह्या आहेत, त्यात उत्तरं लिहिलेली नाहीत.

(त्सोन्का मावशी रिकाम्या वाट्या एकात एक रचते.)

स्विलेना : एक जण उभाच राहतो. कसंही बसवलं तरी. चोवीसच्या पुढे जातच नाही ते.

एलित्सा : का?

स्विलेना : माहीत नाही.

एलित्सा : चालेल. घाई नाही.

स्विलेना : मावशी, किल्लीची ती वही वर आण. आणि भिंतीशी रचलेल्या खुर्च्या उतरवायला ल्युबेनला पाठव. पंचवीस लागतील.