बळ आठ, कान सतरा

ठंय... ठंय... ठुंईंऽऽ! असा आवाज यायचा बघा आमच्या लहानपणी बोळात, पिंजारी आला की! काडीसारखा माणूस, आणि खांद्यावर त्याच्याहून उंच धनुष्य, त्याची तात वाजवून कापूस पिंजायचा... आणि तो आवाज कानात ठेवून मी या वयात फसलो ना! मला वाटलं, धनुष्य म्हणजे बिनताकदीचं काम. आणि आता ही पोरं म्हणतात, 'आजोबा, तुमचं बळ आठ!' बळ आठ म्हणजे काय हो? आठ किलो? आठ आणे?

थांबा, नीट सांगतो. मी मुळात हळू बोलणारा. सगळा जन्म टॉवेलच्या मागावर गेला, त्या खडखडाटात कोण बोलणार आणि कोण ऐकणार? आणि माझी नात बुद्धप्रिया माझ्यावर वरताण! बँकेत नोकरीला आहे, गुणाची आहे, पण घरात बोलणं म्हणजे 'हं'. 'प्रिया, जेवलीस का गं?' 'हं.' 'भाकरी करपली का?' 'हं.' 'साखर घालू का आमटीत?' 'हं!' तुम्हाला सांगतो, या पोरीचा आवाज कसा आहे तेच मी विसरत चाललो होतो.

आणि एका रविवारी दुपारी वरच्या खोलीतून एक राक्षस डरकाळ्या फोडतोय, एक राणी रडतेय, कुणी व्यापारी हेल काढून भाव करतोय... मी काठी टेकत वर गेलो, म्हटलं, एवढे पाहुणे आले कधी? बघतो तर तीनच माणसं! प्रिया, आणि तिच्या बँकेतले विरेश आणि पायल. आणि ते सगळे आवाज प्रियाचे! अहो, एकटीचे! डोळे हे एवढे, हात हवेत, आणि एका तोंडातून सबंध गाव बोलतंय! मी दारातच खाली बसलो.

खेळ असा, की ती गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते बोलायचं, आणि ते जमलं का फसलं हे वीस तोंडांचा फासा सांगणार. पण नियम कडक! 'आज्जा, नुसतं बघत बसायचं नाही. खेळायचं, नाहीतर खाली जायचं. आणि पात्र मेलं की उठायचं.' एवढं लांब ती माझ्याशी कधी बोलली होती, आठवेना! मी म्हटलं, 'खेळतो की!'

विरेश कागद घेऊन बसला. 'आजोबा, हे गुण वाटून घ्या. बळ, चपळाई, अक्कल, कान...'

'कानात घाल.'

'किती?'

'लई घाल.'

'अहो, कानानं राक्षस मरत नसतोय!'

'मला कुटं मारायचाय त्यो? मला ऐकायचाय!'

तर कान सतरा, थोडं चपळाईत, आणि बळ आठ. 'हत्यार?' पिंजारी डोळ्यापुढे आला, म्हटलं, 'धनुष्य दे.'

झालं! गुहेत राक्षस आला. मी बाण सोडला, फासा टाकला... अठरा! लागला! आता किती लागला त्याचा फासा वेगळा. दोन. आणि विरेश म्हणतो, 'त्यातून एक वजा.' का रे बाबा? 'बळ आठ! नेम चपळाईचा, आजोबा, पण बाण आत किती घुसणार ते ओढणाऱ्याच्या दंडावर. दंडात जोर नसला तर बाण बिचारा काय करणार?' म्हणजे राक्षसाला लागलं किती? एक! आणि आमची प्रिया, राक्षस होऊन, मान खाजवत, 'कोन रं त्यो? डास चावला काऽऽ?' सगळे हसले. मी सगळ्यात जास्त! अहो, माझ्याशी बोलली की ती! राक्षस होऊन का होईना!

तेवढ्यात गुहेत सापडलं शिंगाचं मोठं धनुष्य. म्हटलं, हे मी घेतो. 'त्याला चौदा बळ लागतं, आज्जा. जेवढं कमी, तेवढा नेम सुटणार.' आणि आपलं? बळ आठ! मी म्हटलं, 'विरेशचा गडी दांडगा हाय, त्यानं ओढावं, मी नेम धरतो.' पायल म्हणते, 'आजोबा, तो काय विहिरीचा रहाट आहे का, दोघांनी ओढायला?' प्रियानं पुस्तक चाळलं. 'नियमात नाही.'

मी बघतच राहिलो. गुहा खोटी, राक्षस खोटा, धनुष्य तर कुठं दिसतसुद्धा नाही, पण वजन खरं! दंडात जोर नाही तर नाही. आजा असला तरी सूट नाही. एवढा न्याय मी उभ्या जन्मात खऱ्या जगात पाहिला नाही हो...

तरी ओढलं मी ते. हट्ट! ओढ अर्धीच आली, बाण माझ्याच पायापाशी पडला, आणि राक्षस वळला माझ्याकडे. आधीचे घाव खाऊन माझ्या पात्राचा जीव थोडकाच उरलेला. घाव बसला की मेलो, मेलो की उठायचं, खाली जायचं, आणि मग रविवारची ही सगळी माणसं मला जिन्याखालून ऐकायची. मी काठी जवळ ओढून घेतली, खोट्या राक्षसापुढे!

आपला फासा दुसऱ्यांना दिसू नये म्हणून प्रियानं पुठ्ठा उभा केला होता, त्याच्या आडोशाला तिनं राक्षसाचा फासा टाकला. तो उसळला, घरंगळला, आणि माझ्या चहाच्या बशीपाशी येऊन थांबला. वीस. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण वीस वाचता येतं की! वीस म्हणजे घाव बसलाच, त्यात काही काटछाट नाही. विरेश आणि पायल माझ्या पात्राला वाचवायचं औषध पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते शोधत होते. प्रियानं पटकन फाशावर तळहात ठेवला. माझ्याकडे बघितलं. नियमाला एवढी पक्की पोरगी... आणि राक्षस ओरडला, 'चुकलंऽऽ! म्हातारं वाकलं आन् गदा डोस्क्यावरनं गेली!'

'वाचलात, आजोबा!' विरेशनं मांडीवर थाप मारली, त्याच्या गड्यानं राक्षस आडवा केला, शेंगदाणे संपले, आणि दोघं गाडीवर बसून गेले.

उरलो आम्ही दोघं. आता गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही! मी विचारलंच, 'प्रिया... ते वीस होतं की गं?'

तिनं फासे पिशवीत भरले, माझी बशी उचलली, आणि जिना उतरून गेली.