जुन्या मापाचा गणवेश

आई: हात वर कर. असे नव्हे रे, शरण आल्यासारखे! ताठ उभा राहा.

मुलगा: हे काय आहे, आई?

आई: गणवेश. बोटीवरचा. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवलाय.

मुलगा: खांद्यावर पट्ट्यासुद्धा?

आई: दोनच लावल्या. तीन लावणार होते, पण म्हटलं, फार उडायला नको.

मुलगा: बँडवाला दिसतोय मी.

आई: दिस. बेवडा नको दिसूस म्हणजे झालं. सगळ्या गल्लीला सांगून बसलेय, पोरगा बोटीवर लागला म्हणून. आता दारू सोडवायच्या केंद्रातून आला सांगू? म्हणून तर सकाळी मागच्या दाराने घेतलं तुला. हा घाल, बॅग उचल, मागून कोपऱ्यापर्यंत जा आणि पुढच्या दाराने ये.

मुलगा: आणि कुणी विचारलं, समुद्र कसा होता?

आई: ते मी निभावलंय. तुझ्या शाळेच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, बोट लागते का हो त्याला? म्हटलं, आधी आतडी बाहेर येईस्तोवर ओकला, आता सवय झाली.

मुलगा: एवढं मात्र खरं सांगितलंस.

आई: गप. श्वास सोड. बटण का लागेना मेलं?

मुलगा: नाही लागणार.

आई: माझं माप चुकलं? जन्मात चुकलं नाही!

मुलगा: जुन्या मापावर बेतलास ना? जाण्याआधीच्या? तेव्हा नुसत्या बरगड्या होत्या.

आई: अगं बाई! छाती भरली की रे तुझी.

मुलगा: बागेत खणायचो. आणि सगळ्यांच्या पोळ्यांची कणीक मळायचो. हात थरथरायचे, म्हणून मुद्दाम तेच काम दिलं. आता नाही थरथरत.

आई: म्हणे थरथरत नाहीत. ही घे सुई. ओव दोरा.

(तो पहिल्या खेपेलाच ओवतो.)

आई: माझ्याच्याने होत नाही रे आता असं, एका दमात.

मुलगा: आई, हा नको घालायला लावूस. पीत होतो तेव्हा रोज तुझ्याशी खोटं बोलायचो. आता तुझ्यासाठी बोलायला लागलो, तर पुन्हा तिथेच जाऊन पडेन. भीती वाटते मला.

आई: आणि मी काय करू? तुला गटारातून उचलून आणलं, त्या दिवशी लोक शिवायला टाकलेली कापडं परत घेऊन गेले. जशी काही माझी कात्रीच प्यायली होती! बोटीचं सांगितलं, तेव्हा कुठे गिऱ्हाइकं परत आली.

मास्तरीणबाई: वहिनी, आहात का? अय्या, कप्तान आला की! बटणं लाव रे, शाळेत असतास तर बाहेर उभा केला असता.

मुलगा: या, बाई.

मास्तरीणबाई: बरं झालं भेटलास. दार लोटते हं जरा. आमच्या धाकट्याला लाव ना तुझ्या बोटीवर. भांडी घासायला लाव, चालेल.

मुलगा: त्याला? तो तर आजारी आहे ना?

मास्तरीणबाई: कावीळ म्हणून सांगतो आम्ही. पितो रे. वहिनी, राग मानू नका, तुमचाही होताच ना जरा तसा? आणि बोटीवर जाऊन कसा सोन्यासारखा झाला! त्यालाही असाच गणवेश शिवून द्या, मी उद्याच पाठवते.

मुलगा: आई?

आई: बाई, बसा. गणवेश देईन शिवून. पण बोट नाहीये.

मास्तरीणबाई: सुटली?

आई: नव्हतीच. केंद्रात होता माझा मुलगा, दारू सोडायला. लाजेपायी मीच हा एवढा समुद्र आणून ठेवला दारात. तो तिथे ओकला, रडला, कणीक मळली आणि उभा राहिला. खराखुरा कप्तान होऊन आला असता, तरी माझी मान एवढी ताठ झाली नसती.

मास्तरीणबाई: मला पत्ता द्याल? पण... कुणाला कळायचं नाही ना?

मुलगा: कळेल, बाई. मलाही हेच वाटायचं. चला, मी बोलतो त्याच्याशी. आत्ताच.

आई: आधी तो गणवेश उतरव. तुझा सदरा घाल, तो सैल आहे.

मुलगा: आणि याचं काय करणार?

आई: बँडवाल्याला देईन. तिसरी पट्टी लावून.

मुलगा: बाई, या मागच्या दाराने. समोर सगळी गल्ली बसलीय.

आई: मागच्या नको. पुढच्या दाराने जा. आणि सावकाश चाल, मला बघायचंय.