तिला सांगा, तेल गळतंय

ताई : अहो, तिला सांगा, बाजूला हो म्हणावं. उजेड अडतोय.

चिमणी : भाऊजी, त्यांना सांगा, उजेड माझ्यामुळे नाही, त्यांच्या पदरामुळे अडतोय.

भाऊजी : मी गाडीखाली उताणा पडलोय. एका कानाशी हिची चप्पल, दुसऱ्या कानाशी तुझी. तुमच्या दोघींच्या मध्ये फक्त एक बॉनेट आहे. तेवढ्यासाठी मी कशाला हवाय?

ताई : सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? त्या उशीच्या प्रकरणापासून मी तिच्याशी बोलत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

चिमणी : त्यांना सांगा, मीही बोलत नाही. आणि माझा अबोला त्यांच्या आधी सुरू झालाय.

भाऊजी : घ्या! इथंही पहिला नंबर पाहिजे. बरं, चौदाचा पाना द्या कुणीतरी.

चिमणी : त्यांच्या पायाशी आहे म्हणावं.

ताई : दिसतोय म्हणावं मला. हा घ्या हो.

भाऊजी : हा सतराचा आहे.

चिमणी : आकडा लिहिलेला असतो त्यावर, सांगा.

ताई : तिला सांगा, चष्मा वर राहिलाय. आणि वर जायचं तर जिना तिच्या दारावरून जातो.

भाऊजी : अरे देवा! ऐका दोघी. संध्याकाळी भंगारवाला येतोय. त्याला मी नाही बोलावलं. एक म्हणाली, "तिला सांगा, गाडी काढून टाकू." दुसरी म्हणाली, "त्यांना सांगा, माझी ना नाही." मी इकडचा निरोप तिकडे केला आणि तुमच्या बाबांची गाडी भंगारात निघाली. आता ती वाचायची तर ही गळती आज सापडली पाहिजे. तेव्हा मला काम करू द्या.

ताई : करा की! कुणी हात धरलाय? पण मी म्हणते, तुमचा जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात. सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घ्यायचा आणि श्वास रोखून बसायचं. इथं तर डबकं साचलंय.

भाऊजी : घड्याळ काय न् गाडी काय. तेल बाहेर येतंय म्हणजे कुठून तरी येतंय. सकाळी सगळं इंजिन रॉकेलनं पुसून लख्ख केलंय. आता त्याच्यावर पावडर मारायची. पांढऱ्यावर तेलाची ओल लगेच दिसते. थांबा, बाहेर येतो. हं. चिमणे, आणलीस का पावडर?

चिमणी : आणलीय. पण जपून हं भाऊजी, ही चांगल्यातली आहे. मी कुठं जायचं असेल तरच लावते.

ताई : तिला सांगा, तिला लावून काही फरक पडला नाही. निदान इंजिनाला तरी पडू दे.

चिमणी : ऐकलं मी!

भाऊजी : ऐकू येतं ना? मग मी काय लाऊडस्पीकर आहे? सरका. हे इथं मारलं, हे कडेनं, हे खाली... आऽक् छी! झालं. चिमणे, बस आत आणि चालू कर.

चिमणी : बसू कशी? भाऊजी, त्यांना विचारा, सीट इतकी पुढं कोण घेतं? माझे गुडघे कानाला लागतायत.

ताई : तिला सांगा, सगळेच काही ताडमाड वाढत नाहीत. ताडाएवढी झाली तरी नाव आपलं चिमणी! माझे पाय पोचत नाहीत, म्हणून घेते पुढं. पाठीशी उशी होती तेव्हा पोचत होते. ती हिनं डिकीत भिरकावली आणि तेलात लडबडून ठेवली. मुद्दाम!

चिमणी : मुद्दाम नाही! डबा सांडला.

ताई : कसला डबा, विचारा.

चिमणी : होता एक. चालू करते मी गाडी.

भाऊजी : कर, कर. हां... जरा रेस दे... अजून... राहू दे असंच. आता हिला तापू द्या आणि तुम्ही मात्र थंड राहा. अगं, तू ये इकडे, बघ. वरच्या झाकणाच्या कडेनं पावडर पिवळी पडायला लागली. दिसली?

ताई : चष्मा नाही म्हटलं ना! पण हो, काहीतरी ओघळतंय.

भाऊजी : झाकणाखालचं पॅकिंग गेलं. म्हातारं रबर, कडक होतं, तडकतं. मला वाटलंच होतं, म्हणून कालच नवं आणून ठेवलंय. बंद कर गं चिमणे! अर्ध्या तासाचं काम. भंगारवाल्याला सांगू, चहा पी आणि... अरे? थांबा.

चिमणी : काय झालं?

भाऊजी : मागूनही येतंय. खालच्या कडेनंही. बाजूनंही. एका जागी गळालं तर समजतं, पण ही तर अंगभर घाम फुटल्यासारखी गळतेय. पोटात मावत नसल्यासारखं. तेलाची पट्टी काढून बघू. किती आहे आत?

ताई : पट्टी कुठली? ती तुटून किती दिवस झाले. दांडीच तेवढी हातात येते.

भाऊजी : मग तेल किती आहे ते तुम्हाला कळतं कसं? मी तुम्हाला विचारतोय.

ताई : अंदाजानं.

चिमणी : हो, अंदाजानंच.

भाऊजी : वा! आज पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं. ठीक आहे, सगळं तेल काढूनच टाकतो. जरा गार झालंय. हा टब घेतो खाली. हिच्यात साडेतीन लिटर मावतं आणि टब पाच लिटरचा आहे. मी आत चाललोय. हा बोल्ट... हं... सुटला. आलं, आलं. बघा, कशी धार लागलीय!

ताई : जपून हो. तोंडावर घ्याल.

भाऊजी : काही नाही होत. येऊ दे... येऊ दे... आता कमी होईल... आता होईल... अगं, हे थांबत का नाही? टब भरत आला! बोल्ट कुठं गेला? बोल्ट टबात पडला! अरे, वरून वाहायला लागलं! बुब्...

ताई : चिमणे, बादली आण! धाव!

चिमणी : ताई, तू टब ओढ! ओढ तुझ्याकडे! मी आले!

ताई : ओढतेय गं! जड आहे! ही धर कड, तू तिकडून धर!

चिमणी : धरली! सरकव! भाऊजी, तोंड मिटा!

ताई : तोंड मिटायला कुणाला सांगतेस? त्यांनी डोळे मिटलेत आणि तोंड उघडंच आहे!

चिमणी : लागली बादली. लागली. बाई गं!

भाऊजी : थू! थू! अर्धी बादली... थांबलं एकदाचं. हा बोल्टही सापडला. आता मला एक सांगा. साडेतीन लिटरच्या इंजिनातून टब भरून वर अर्धी बादली तेल कसं निघालं? कुणी घातलं एवढं?

चिमणी : मी.

ताई : तू? अगं, मी घालत होते.

चिमणी : तू कधी?

ताई : तू कामावर गेलीस की. खाली डाग दिसला की वाटायचं, ही बघेल आणि म्हणेल, झालं, म्हातारी तेल गाळायला लागली, द्या भंगारात. मग मी गुपचूप उतरायचे आणि घालायचे थोडं. थोडं म्हणजे... हात सैल आहे माझा.

चिमणी : आणि मी रात्री तुमचा दिवा गेला की. मीही डाग बघूनच घालायचे, ताई! त्या उशीवर सांडला ना, तो तेलाचाच डबा होता. लपवायला जागा नव्हती, म्हणून डिकीत ठेवला होता.

भाऊजी : धन्य आहात! म्हणजे गळतंय म्हणून ही घालतेय, ती घालतेय म्हणून आणखी गळतंय, आणि आणखी गळतंय म्हणून दोघी घालताय! त्या बिचारीच्या पोटात इतका दाब झाल्यावर मिळेल त्या फटीतून तेल बाहेर येणार नाही तर काय होणार?

ताई : तुम्ही गप्प बसा हो जरा. का गं, सांगितलं का नाहीस मग? उशीवरून मी तुला एवढं टाकून बोलले, तेव्हाच म्हणायचंस, ताई, गाडीसाठी आणलं होतं तेल.

चिमणी : म्हटलं असतं तर तूच म्हणाली असतीस, गाडी तेल प्यायला लागली, काढा. बाबांच्या गाडीला तू डबडं म्हणाली होतीस.

ताई : रागात म्हटलं गं! डबडं म्हटलं म्हणजे काय टाकून द्यायचं असतं? यांना रोज म्हणते मी.

भाऊजी : ऐकतोय हं मी.

चिमणी : मला ही गाडी द्यायची नाही, ताई. अजिबात द्यायची नाही.

ताई : मग मला द्यायचीय होय? अजून क्लच सोडताना वाटतं, बाबा शेजारी बसलेत. आता ओरडतील, "हळू, हळू, बेडूक आहे का तो पायाखाली?"

चिमणी : मला म्हणायचे, "जिराफ, मान आत घे, मग पुढचं बघ."

ताई : रडू नकोस. तेलाचे हात आहेत तुझे, डोळ्यात जाईल. थांब, मी पुसते. अगं, माझेही तेलाचेच आहेत! झालं, आता तुझ्या गालाला लागलं.

चिमणी : राहू दे. पावडर आहे की. भंगारवाल्याला फोन कर आधी.

ताई : तू कर. तुझं बोलणं ठसक्याचं आहे.

चिमणी : तू थोरली. तुझं ऐकेल तो.

भाऊजी : करा बायांनो कुणीतरी! मी तोवर बोल्ट लावतो, पॅकिंग बदलतो आणि नवं तेल मोजून घालतो. मोजून! आणि उद्या नवी पट्टी आणतो. ती येईपर्यंत या गाडीच्या तोंडाशी कुणी डबा घेऊन गेलं तर याद राखा.

ताई : झालं का हो? भंगारवाल्याला नको म्हणून फोन केला, त्याला तासभर तरी झाला असेल.

भाऊजी : पॅकिंग बसलं. तेल भरलं. पुन्हा पावडर मारली. चिमणे, चालू कर... दे रेस... शाब्बास. आता बंद कर. मी खाली जाऊन बघतो, थेंब येतो का. थेंब आला नाही म्हणजे गाडी राहिली.

चिमणी : ये ताई, बस इकडे शेजारी. ही सीट अशी अर्ध्यात ठेवली तर?

ताई : तुझे गुडघे लागतील गं.

चिमणी : लागू देत. तुझी उशी मी धुतलीय. तीनदा. डाग गेला नाही, पण वास गेलाय.

ताई : वाटलंच मला. खालून साबणाचा वास येत होता वर. मी यांना म्हटलंही, तिला विचारा, काय एवढं धुतेय.

चिमणी : मग? विचारलं नाही त्यांनी.

ताई : विसरले असतील. सध्या त्यांना निरोप फार.

भाऊजी : (गाडीखाली, स्वतःशीच) कोरडं आहे. ठणठणीत कोरडं. एक थेंब नाही.

ताई : अहो, गळतंय का काही?

भाऊजी : अजून सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा.