तोंडात धर, गिळू नको

कमळा : गिळायचं नाही तर मग करायचं काय? गुळण्या?

रावजी : गुळणीच, पण आवाज न करता. तोंडात धर, जिभेवर फिरव, मग नाकानं हळूच श्वास सोड.

कमळा : साठीला आले, आणि भरदुपारी पडवीत बसून दारूच्या गुळण्या करतेय. शेजारचे रघूभावजी गेले समोरून तर?

रावजी : म्हणावं, दात दुखतोय.

कमळा : दातदुखीला काचेचा ग्लास?

रावजी : म्हणावं, डॉक्टर मुंबईचा आहे.

कमळा : त्यापेक्षा तुम्हीच घ्या की एक घोट. बाटली तुमची, हौस तुमची, आणि पापाचा घोट तेवढा माझा.

रावजी : गळ्यातून पाणी उतरत नाही माझ्या, वाईन काय उतरणार? आणि इस्पितळात गळ्याच्या गाठीला शेक दिल्यापासून चव मेली, नाकात ही नळी बसल्यापासून वासही गेला. काल तू पेजेऐवजी ताक सोडलंस नळीतून. तू सांगितलंस तेव्हा मला कळलं.

कमळा : मग हीपण सोडते थोडी.

रावजी : कमळे! वीस वर्षं राखलेली फ्रान्सची वाईन, आणि नळीतून? नळीला काय कळणार?

कमळा : पोटाला कळेल.

रावजी : पोट भोळं असतं गो. त्याला काही कळत नाही. म्हणून म्हणतो, तू चाख आणि मला सांग. सोमवारी आवाजाची पेटी काढली की मला काही विचारता येणार नाही.

कमळा : पाटीवर लिहा. डॉक्टर म्हणालेच ना.

रावजी : पाटीवर खडूनं वाईनबद्दल काय विचारणार?

कमळा : तुमचं अक्षर तर कंपाउंडरलाही लागत नाही. आपली मनस्वी म्हणते, मोबाईलवर टाईप करा, तो बोलून दाखवतो. बाईच्या आवाजात.

रावजी : म्हणजे घरात दोन बायका बोलणार.

कमळा : एक तरी तुमच्या मनासारखं बोलेल.

रावजी : चल, बघ आता. रंग मला दिसतोय. विटकरी झालाय. जुनी झाली की होतो तसा. जरा जास्तच झालाय, पण असू दे. वास घे. काय येतं?

कमळा : ओलं गोणपाट.

रावजी : वा! अशा वासासाठी लोक विमानानं जातात तिकडं.

कमळा : आमच्या माळ्यावर या म्हणावं, चहापण देऊ.

रावजी : आणखी काय?

कमळा : जुनं कपाट. आत डांबरगोळ्या. आणि एक मेलेली पाल... नाही, पाल नाही.

रावजी : पाल आहे की नाही? नीट सांग.

कमळा : पाल आपल्या वाशावर आहे. तिच्याकडे बघत वास घेतला, म्हणून गडबड झाली.

रावजी : बरं. आता घोट घे. छोटा. धर तोंडात... तिकडच्या दुकानातला तो म्हातारा म्हणाला होता, आत्ता प्यालास तर दात आंबतील. अंधारात, गारव्यात, आडवी निजव आणि वीस वर्षं विसरून जा. बोट बंदरात होती तेवढ्या दोन दिवसांत मी त्याच्याकडे तीनदा जाऊन आलो. अख्ख्या बोटीचा स्वयंपाक करणारा माणूस मी, पण थांबल्यानं चव येते हे मला त्यानं सांगितलं. म्हणून तर इथं पडवीखाली जांभ्यात खड्डा खणला.

कमळा : ऊं ऊं.

रावजी : गिळलीस तरी चालेल आता.

कमळा : मोरीच्या आधी खणलात, असं म्हणत होते मी. घराला मोरी नव्हती, पण बाटल्यांना तळघर होतं. मोरी नंतर. मला बोटीवर न्यायचं, तेही नंतर. रघूभावजींची बायको सिंगापूर बघून आली, तिथून आणलेल्या छत्रीची काडी मोडली, तरी आमचं आपलं नंतरच.

रावजी : चव सांग गो.

कमळा : आधी आंबट. मग गोड, काकवी करपल्यासारखी. आणि शेवटी देवळातली घंटा.

रावजी : घंटेची चव तुला कशी ठाऊक?

कमळा : चाटली होती लहानपणी. पैज होती.

रावजी : घंटा चालेल. पण काकवी? गोड लागायला नको ही. करपलेली तर नकोच. फळ लागतंय का कुठं? जांभूळ, करवंद?

कमळा : जांभूळ होतं कधीतरी. आता जांभळाचा नुसता फोटो आहे. हार घातलेला.

रावजी : ...बूच कसं होतं? तू काढलंस ना.

कमळा : चिकट. जरा वर आलेलं. ते नेहमीच पाझरतं, मी पुसून ठेवते.

रावजी : नेहमी म्हणजे?

कमळा : उन्हातून आत आणल्या की.

रावजी : कुठल्या उन्हातून?

कमळा : मे महिन्यातल्या. आमसुलं, मसाला, फणसपोळी आणि ह्या सहाजणी. खळ्यात चटई टाकून. पावसाआधी ऊन दाखवायला नको? त्या खड्ड्यात ही ओल! बुरशी खाऊन गेली असती. तुम्ही मे महिन्यात कायम बोटीवर, गणपतीला उगवणार. मग घरातलं कोण राखणार?

रावजी : दरवर्षी?

कमळा : एक वर्ष चुकवलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा काढल्या. म्हटलं, दारूला कसलं सुतक? चांगलं आठ दिवस ऊन. दुपारी कूस बदलून द्यायचे, दोन्हीकडून शेकल्या पाहिजेत ना.

(रावजी बूच हातात घेऊन उलटंसुलटं करून बघतो.)

कमळा : अहो. तोंड का उतरलं तुमचं?

रावजी : सूज उतरली असेल.

कमळा : फोनवर पहिलं त्यांचंच विचारायचात तुम्ही. बाटल्या बऱ्या आहेत ना? मग मनस्वीच्या शाळेचं. माझ्यापर्यंत येईस्तोवर कार्ड संपायचं. म्हणून जिवापाड जपल्या. म्हटलं, माणूस एवढ्या लांबून येतो, एक गोष्ट तरी ठेवलेली तशी सापडू दे त्याला. चुकलं का काही माझं?

रावजी : नाही.

कमळा : त्या म्हाताऱ्यानं उन्हाचं काही सांगितलं नव्हतं ना पण.

रावजी : विसरला असेल. त्यांच्याकडे ऊन कमी.

कमळा : तेच म्हणते मी. मग ही चांगली झाली म्हणायची का? खरं सांगा. सोमवारनंतर तुमची ती मोबाईलवाली काय वाटेल ते सांगेल.

रावजी : तू सांग. तुला आवडली?

कमळा : पहिला घोट थुंकावासा वाटला. दुसऱ्याला जरा गप्प बसली. आता छातीत ऊब आलीय. काकवीच आहे, पण पोक्त. आणि तुम्ही असे पुढं वाकून आणखी काय, आणखी काय विचारताय ना... लग्न झाल्यापासून माझ्या तोंडच्या चवीचं कुणी एवढं विचारलं नव्हतं.

रावजी : मग झाली चांगली.

कमळा : उरलेल्या पाच ठेवू ना तशाच? डॉक्टर म्हणाले, जिभेची चव येते कधीकधी वर्षा-दोन वर्षांत परत. तेव्हा तुमच्यासाठी उघडू.

रावजी : नको ठेवू. जा, दुसरी आण.

कमळा : आत्ता? वीस वर्षं एक उघडू दिली नाहीत आणि एका दुपारी दोन? पुढच्या महिन्यात बघू की.

रावजी : आत्ता बोलता येतंय मला. आण.

कमळा : आणते बाई. थांबा, हा ग्लास विसळून घेते आधी. ह्या चवीत ती चव मिसळायला नको.

रावजी : राहू दे गो. सगळ्यांना सारखंच ऊन लागलंय.