मांडीखालच्या चपला

मंडळी, आज घसा बसलाय, गुडघे कुरकुरतायत. तरी एक विचारतो. आपल्याला बरं व्हायचंय, की कुणीतरी येऊन बरं करावं एवढंच वाटतंय? — लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

आमचे गजाभाऊ तांबट. दिवसभर हंड्यावर हातोडा चालवणारा गडी — आणि चार माणसं जमली की छातीत धडधड! घाम फुटतो, श्वास अडकतो, बायकोला हाक — “मेलो गं मालती!” दवाखान्यात ईसीजी काढला — हृदय ठणठणीत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा भीतीचा झटका. गोळी देते. पण गर्दीत बसायची सवय करा. झटका आला तरी उठू नका. चढतो तसा उतरतो.”

गोळी सुरू. गजाभाऊ रोज कीर्तनाला — इथंच, या देवळात! पण गुण? काही नाही! मालतीबाई थकल्या, डॉक्टरीणबाई थकल्या, मीही थकलो — रोज आख्यान रंगात आलं की हा गृहस्थ पळालाच! मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. — हसा, हसा!

एकदा दवाखान्यात बाईंनी विचारलं, “मांडीखाली ही पिशवी कसली?”

“चपला.”

“देवळातही नेता?”

“मग! बाहेर ठेवल्या तर शोधाव्या लागतात. निघता यायला नको?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्ही बसायला जातच नाही, पळायला जाता! गोळी मी देईन. बसायची तयारी कुठून आणू?”

घरी लेकीचं, रेवतीचं, लग्न तोंडावर. ती हळूच म्हणाली, “बाबा, कन्यादानाला काकांना बसवू का? मी रागावणार नाही.”

मंडळी, ती रागावली असती तर बरं झालं असतं. बाप ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी चपला देवळाबाहेर! आणि झालं काय? — अनवाणीच पळाला! पण तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. चपला पुन्हा बाहेर. कधी पळाला, कधी बसला. असे दिवस गेले.

लग्नाचा दिवस. मांडव गच्च. मालतीबाईंनी पाण्याची धार धरली — आणि आला झटका! गजाभाऊंच्या ओंजळीतलं पाणी सांडतंय. रेवती पुटपुटली, “बाबा, जायचंय?”

“चपला बाहेर आहेत गं,” गजाभाऊ म्हणाले. आणि बसून राहिले.

संपलं आख्यान. घसाही संपला. आता देवाचं नाव घेऊ — पण त्याआधी, मंडळी, जरा आपापल्या मांडीखाली हात घालून बघा. मी तिकडे तोंड करतो.